घरी येऊन नेलेलं मत

माझी आत्या आंधळी आहे. 'दिव्यांग' म्हणायचं असा सरकारी आदेश आहे, पण तिला तो शब्द आवडत नाही. "त्यात दिव्य काय हाय गं? रोज न्हाणीच्या उंबऱ्याला ठेचकाळतीया मी," असं ती म्हणते. म्हणून आंधळी. लहानपणी गोवरात डोळे गेले. सांगोल्याकडच्या मेंढरामागं फिरणाऱ्या घरात दवाखाना कुणाला सुचणार? आता ती सोलापुरात थोरल्या भावाकडं, म्हणजे माझ्या चुलत्यांकडं राहते. चुलत्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. नानांचे पाण्याचे टँकर चालतात आणि एका पक्षाचं वॉर्डातलं काम त्यांच्याकडं आहे. घरातली मतं कुठं जाणार हे नाना ठरवतात, आणि चौकात छाती काढून सांगतातही: "आमच्या घरातली नऊच्या नऊ मतं एकगठ्ठा!" त्या नऊंत एक आत्याचं.

दर निवडणुकीला नाना तिचा हात धरून बूथवर न्यायचे. आंधळ्या मतदाराला सोबती चालतो. आत जायचं, बटण नाना दाबणार, यंत्राचा लांब आवाज आत्या ऐकणार, झालं मतदान. बाहेर आल्यावर पोलीस म्हणायचा, वा मावशी, तुमच्याकडून शिकावं लोकांनी. काय शिकावं? दुसऱ्याच्या हातानं जेवावं?

मी अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत आहे. पत्रकं मी लिहिते. मागच्या लोकसभेच्या आधी मी तिला सांगितलं, की सोबती घेतलाच पाहिजे असं नाही. यंत्रावर बटणांच्या शेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, तू एकटी जाऊ शकतेस.

"ते टिपक्याटिपक्याचं मला कुटं येतंय? शाळेचं तोंड बगितलंय का मी?"

"मग बटणं मोज. वरनं खाली मोजता येतात की."

तिनं हवेत एक बोट वरनं खाली उतरवत नेलं. मग म्हणाली, "व्हय की. मोजता येत्यात."

उमेदवारांची यादी पक्की झाल्यावर मी बुटाच्या खोक्याच्या झाकणावर शर्टाची बटणं एकाखाली एक चिकटवली. उन्हामुळं दुपारी बाहेर पडायची सोय नव्हतीच. पंख्याखाली बसून मी यादी वाचायचे: पहिलं बटण अमुक, चिन्ह तमुक, दुसरं बटण, तिसरं बटण. ती बोट खाली सरकवत मागोमाग म्हणायची. उमेदवारांची ही भाऊगर्दी, पण दोन दिवसांत तिला शेवटपर्यंत पाठ. मी सगळी यादी वाचायचे, कारण तिला कुठलं बटण हवंय हे मलाही कळायला नको होतं. तसं तिला सांगितलं तर हसली.

"तुलाबी न्हाय सांगनार. कुनालाच न्हाय."

नानांच्या सूनबाईला ती मुद्दाम चिडवायची, "माझं ठरलंय बाई. विचारू नकोस." कुणी विचारत नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बाईकडं आयुष्यात पहिल्यांदा घरात कुणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट होती, आणि ती तिला घट्ट धरून बसली होती.

आणि मग नानांचा फोन आला. आत्याला ते बाई म्हणतात. "उद्या सकाळी ये. बाईचं मतदान हाय, घरीच. फोटोला तुझा मोबाईल बरा हाय."

घरून मतदान ही सोय वाईट आहे असं मी म्हणत नाही. जो खाटेवरून उठू शकत नाही त्याला ती पाहिजेच, आमचंच पत्रक आहे तसं. पण आधी अर्ज करावा लागतो, आणि एकदा अर्ज मंजूर झाला की बूथवर मत देता येत नाही. आत्यानं अर्ज केला नव्हता. सूनबाईनं मला फोनवर सांगितलं ते असं: यादी लागायच्या आधीच अर्ज वाटणाऱ्या बाई घरी आल्या होत्या, वरून त्यांना आकडा पुरा करायचा होता. नाना पुढं झाले. आत्याला आतून आणलं, 'पेन्शनचा कागद हाय' म्हणाले आणि अंगठा घेतला. बाईंनी आत्याला एक शब्द विचारला नाही. आंधळ्या माणसाशी बोलायचं नसतं, त्याच्या शेजारच्याशी बोलायचं असतं, हे आपल्याकडं सगळ्यांना कोण शिकवतं देव जाणे.

मी निवडणुकीच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस सगळं ऐकून म्हणाला, "ताई, शासन दारात येतंय. तुम्ही विरोध कशाला करताय?"

सकाळी पथक आलं. मतदान अधिकारी, त्यांचा मदतनीस, एक पोलीस आणि एक व्हिडिओवाला. नानांनी दारात रांगोळी काढून घेतली होती. बैठकीत शेजारपाजारचे, पक्षाचे चारपाच जण, टीव्ही चालू, पोह्याच्या बश्या. उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणूनही नानाच हजर. आणि पहिल्यांदा काय झालं असेल? सत्कार! मतदाराचा नाही, अधिकाऱ्यांचा. आमच्याकडं घरी मोठा माणूस आला की टॉवेल-टोपी-नारळ केल्याशिवाय त्याला सोडत नाहीत, मग तो सोयरा असो की साहेब. कामावर असलेल्या मतदान अधिकाऱ्यानं एका पक्षाच्या माणसाकडून खांद्यावर सोलापुरी टॉवेल घेतला, डोक्यावर टोपी घालून घेतली, आणि मांडीत नारळ घेऊन तसाच मतदानाच्या सूचना वाचायला लागला. कुणाला काही वाटलं नाही.

टीपॉयवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. गुप्ततेसाठी. व्हिडिओवाला म्हणाला, "साहेब, आडोशामुळं आजींचा चेहरा येईना." साहेबांनी आडोसा उचलून भिंतीला टेकवला.

"आजी कुनाला म्हनतोस रं?" आत्या म्हणाली. सगळे हसले. ती हसली नव्हती.

अधिकाऱ्यांनी तिच्या हातात मतपत्रिका दिली. तिनं वरून खाली हात फिरवला. पुन्हा फिरवला. उलटी करून मागून फिरवला.

"ह्याला बटनं कुटं हायती?"

"कागद आहे मावशी. पेनानं खूण करायची."

"मग मला कसं कळायचं कुटं करायची?"

"म्हणून तर सोबती असतो."

नाना शर्ट खाली ओढत उठले. बूथवर ज्या यंत्राची बटणं तिला बोटानं मोजता आली असती, त्याच्या जागी एक गुळगुळीत कागद आणून ठेवला होता, आणि ह्याला सोय म्हणायचं.

"मला ह्यो नगं," आत्या म्हणाली. "मी मशिनवर देते. बूथवर येते मी."

"आता नाही जमणार. यादीत तुमच्या नावापुढं तशी नोंद झालीय. घरून मतदानाला तुम्हीच अर्ज केलाय, अंगठा आहे तुमचा."

नाना खाकरले. त्या आवाजाकडं तोंड करून ती म्हणाली, "पेन्शनचा व्हता की दादा त्यो."

"दोन्ही कामं एकदम झाली," नाना म्हणाले. "ह्या उन्हात तुला रांगेत उबी करू का? लोक मला नावं ठिवतील."

"मग मी देतच न्हाय."

अधिकारी घड्याळाकडं बघायला लागले. शेवटचं घर जुळे सोलापुरात आहे म्हणाले, लिफ्ट बंद असलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर चढायचंय, तुम्ही नाही म्हणाल तर तसं लिहून घेतो. लिहून घ्यायला त्यांची काहीच हरकत नव्हती, हे मला जास्त लागलं. आत्या मांडीवर कागद घेऊन बसून राहिली. मला कळत होतं ती काय मोजतेय. नाही म्हणावं तर मत गेलं. हो म्हणावं तर नाना.

मग तिनं विचारलं, "सोबती कोन, ह्ये कोन ठरिवतं?"

हे उत्तर मी झोपेतही दिलं असतं. "मतदार ठरवतो. दुसरं कुणीच नाही."

"शिकलीस म्हनून आमाला नियम सांगतीस व्हय गं?" नाना माझ्यावर वसकले. "माझ्याच घरात?"

अधिकाऱ्यांनी आधी नानांकडं बघितलं, मग खांद्यावरच्या टॉवेलकडं, मग पोलिसाकडं. "ताईंचं बरोबर आहे," ते हळूच म्हणाले.

"मग ही येऊ दे," आत्या म्हणाली.

"लेकरू हाय ती बाई! फुली चुकंल हिची."

"इतकी पत्रकं छापती. एक फुली मारता येईल की तिला."

मी गुप्तता पाळीन अशा कागदावर सही केली. भिंतीला टेकवलेला आडोसा परत आणून टीपॉयवर ठेवला. व्हिडिओवाल्यानं तोंड वाकडं केलं. सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं तर ते सरकले, म्हणजे सोफ्यावरून उठून दारात उभे राहिले. कुणीतरी टीव्ही बंद केला. इतका वेळ तो कोकलत होता तेव्हा कुणाला त्रास नव्हता. आता बैठकीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि नेमकी तीच ऐकायला सगळे थांबले होते.

आत्यानं माझा कान पकडून जवळ ओढला. तिचा श्वास कानाला लागत होता. चिन्ह सांगायला ती तयार होईना. तोंड उघडायची, मिटायची. इतके दिवस जी गोष्ट तिनं सगळ्यांना चिडवत जपली, ती आता माझ्या कानात टाकल्याशिवाय कागदावर उतरणार नव्हती. शेवटी एकच शब्द बोलली. मी खूण केली. तिचं बोट धरून त्या खुणेवर नेलं. तिनं चाचपलं. पेनाची शाई हाताला काय लागणार? कागद जसा आधी गुळगुळीत होता तसाच.

पाकिटं चिकटली, सह्या झाल्या. मग आत्याची ओटी भरली, टाळ्या झाल्या. अधिकारी म्हणाले, "आता सांगा मावशी, कसं वाटलं? कॅमेऱ्यात बघून सांगा."

"कुटं बगू?" आत्या म्हणाली.

तो व्हिडिओ संध्याकाळी सगळीकडं फिरला. आत्या, तिच्या खांद्यावर नानांचा हात, खाली ओळ: 'घरबसल्या बजावला हक्क, चेहऱ्यावर समाधान.' मी त्याखाली खरं काय ते लिहिलं तर मला वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं.

नाना मात्र मला सोडेनात. मी आत्याकडं गेले की जेवताना, जिन्यात, टँकरच्या हिशेबातून डोकं वर काढून: "कुनाला दिलं गं बाईनं? नऊ का आठ, तेवडं तरी सांग." मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण जी गोष्ट मला माहीतच असायला नको होती ती मला माहीत आहे, आणि माझ्या संघटनेच्या प्रत्येक पत्रकावर 'गुप्त मतदान हा हक्क' असं मीच ठळक अक्षरात छापते. ते वाचलं की स्वतःच्याच कानाची किळस येते.

मतदानाच्या दिवशी घरातले सगळे बोटाला शाई लावून आले. आत्या मागच्या दारात शेंगा फोडत होती. मी जवळ बसले तशी तिनं हात थांबवला आणि हळू आवाजात विचारलं,

"पोरी, मी सांगितलं तितंच मारलीस न्हवं फुली?"

"व्हय आत्या. तितंच."

"रागावू नगंस. दादाबी दर बारीला व्हयच म्हनायचा."

मला राग आला नव्हता. खरं सांगत होते हे तिला पटवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. नानांकडंही नव्हतं, पण त्यांना ते कधी लागलं नाही. मी पुन्हा म्हणाले, तितंच मारली, शपथ घेऊन सांगते.

"शपथ नगं," ती म्हणाली आणि परत शेंगा फोडायला लागली. निकालाच्या दिवशी तिनं मला पुन्हा विचारलं.