अण्णांची सुई

अण्णा कडोलकर घराबाहेर पडताना देवाला हात जोडत नसत. बंडीच्या खिशातून एक पितळी डबी काढत, झाकण उघडून ती तळहातावर आडवी धरत, आतली सुई थरथरून थांबेपर्यंत स्वतःही थांबत आणि मगच उंबरा ओलांडत. आता एवढा थाट करून गृहस्थ निघाले कुठं, तर खडेबाजारात कॉफीपूड आणायला. आमच्या बेळगावात शहापुरातून खडेबाजारात झोपेत चालणारा माणूससुद्धा बिनचूक पोचेल. पण सुईचा निरोप घेतल्याशिवाय अण्णांचं पाऊल कधी पडलं नाही.

समोरच्या घरात बसाप्पाचा माग होता. तो खटखट थांबवून रोज विचारी, "अण्णा, नाक हाय की तोंडावर. तेच्या म्होरं चालत सुटायचं. सुई कशाला पायजे?"

"नाक तुझ्यासंगट फिरतंय रं बसाप्पा," अण्णा म्हणत. "सुई फिरत न्हाय."

अण्णा आमच्या शाळेत ड्रिलमास्तर होते आणि मी तिथंच भूगोल शिकवत असे. नकाशा ही भिंतीवर टांगायची वस्तू आहे, अशी माझी त्या काळी पक्की समजूत होती. अण्णा पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर मेसोपोटेमियात जाऊन आले होते. तिथं सुट्टीच्या दिवशी एक गोरा साहेब शिपायांना एक खेळ खेळायला लावी. अनोळखी माळावर ठिकठिकाणी निशाणं लपवायची. प्रत्येकाच्या हातात एक नकाशा आणि एक होकायंत्र द्यायचं. आपली वाट आपण शोधून सगळी निशाणं गाठायची आणि सगळ्यांत आधी परत यायचं. वाळवंटातून माणसं खजूर घेऊन आली, गालिचे घेऊन आली. आमचे अण्णा हा खेळ आणि ती पितळी डबी घेऊन आले. दर रविवारी मला रानात नेऊन खेळवू लागले. बेळगावात तो रुजावा, आपण आणि हा भूगोलमास्तर सोडून एक तरी नवा माणूस आपल्या पायांनी यावा, एवढी एकच इच्छा त्या विधुर माणसानं उरलेल्या आयुष्यात धरली.

आणि काय सांगू, कोणी येईना. तालमीतल्या पोरांना अण्णांनी खेळ समजावला, तेव्हा वस्तादांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, "कुस्तीला हजार माणूस बघाय बसतंय. तुमचा गडी झाडीत शिरला की दिसायचाच न्हाय. मग टाळ्या कुणाला वाजवायच्या?" वकील मंडळी म्हणाली, वाट चुकण्यासाठी मुद्दाम रानात जायचं, हे जरा चमत्कारिक वाटतं. हॉटेलाच्या भिंतीवर अण्णांनी स्वतःच्या अक्षरात जाहिरात लावली. तिच्यावर दुसऱ्या दिवशी नाटकाची जाहिरात चिकटली. त्या नाटकाला मी गेलो होतो. चांगलं होतं.

त्यात अण्णांना स्वभाव आडवा आला. बसाप्पाच्या मुलीचं लग्न गल्लीतच होतं. नवरदेवाचा पाट पूर्वेला, म्हणजे घराच्या दाराचं तोंड जिकडं, तिकडं तोंड करून मांडलेला. अण्णांनी अक्षता डाव्या हातात घेतल्या, उजव्या हातानं डबी जमिनीवर ठेवली आणि भर मांडवात जाहीर केलं, "बसाप्पा, जावई आग्नेयेला बघायलाय."

"माझ्या बानं दार पूर्वेला बसिवलंय."

"ह्या गल्लीतलं एकबी दार पूर्वेला न्हाय. गल्लीच तिरकी हाय."

"तुमची पूर्व तुमच्या खिशात ठेवा, अण्णा," बसाप्पा म्हणाला आणि पुढं कित्येक दिवस बोलला नाही.

शेवटी अण्णांनी ठेवणीतला बाण काढला. शर्यतीला येईल त्याला खव्याचा गोड कुंदा. ताबडतोब माणसं जमली. आमच्या शाळेतले दोघे, एक वकील, तालमीतले काही गडी आणि कुंद्याच्या बातमीनं राग विसरलेला बसाप्पा. येळ्ळूरच्या गडाखालच्या माळावर अण्णांनी आणि मी आदल्या संध्याकाळी झाडांना तांबडी फडकी बांधली. प्रत्येक फडक्याशेजारी दोऱ्यानं एक रंगीत पेन्सिल टांगली. गड्यानं तिथं पोचल्याची खूण म्हणून आपल्या कागदावर त्या रंगाची रेघ ओढायची. सकाळी नकाशे वाटताना अण्णांनी एकच नियम सांगितला. "इचारायचं न्हाय. बघायचं."

सगळे पांगले, आणि आम्ही दोघं शेवटच्या निशाणापाशी जाऊन थांबायला निघालो. ते एका जांभळीला बांधलेलं होतं. पाहतो तर जांभळीखाली ही गर्दी. रात्रीतून झाडाला तांबडं फडकं आलं, म्हणजे कुणाला तरी देवीनं कौल दिला, हे गावानं ओळखलं होतं. बुंध्याशी एक दगड येऊन बसला होता. दगडाला शेंदूर, फडक्याला हळदीकुंकू. पेन्सिल देवीचीच म्हणून तिलाही कुंकू. नारळ फुटत होते.

तेवढ्यात समोरून आमचे स्पर्धक आले. एका ओळीत. सगळ्यांत पुढं एक धनगर. नकाशे खिशात घडी घालून ठेवलेले. पहिल्याच वळणावर बसाप्पानं धनगराला विचारलं होतं, "दादा, तांबडं फडकं कुठं बांधलंय?" आणि तो भला माणूस मेंढरं पोराकडं सोपवून सगळ्यांना निशाणं दाखवत फिरला होता. झाडाशी पोचल्यावर बसाप्पानं पायताणं काढली, नमस्कार केला, अर्धा नारळ घेतला. पेन्सिलीला कुणी हात लावला नाही. देवीची वस्तू.

मला हसू आवरेना. अण्णा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. दगडाशेजारी बसून त्यांनी खोबऱ्याचा तुकडा खाल्ला. "गर्दी झाली की, मास्तर," एवढंच म्हणाले. मग त्यांनी कुंदा वाटला. धनगराला दोनदा दिला.

पुन्हा शर्यत झाली नाही. आम्ही दोघं मात्र रविवारी जात राहिलो. जांभळीपाशी आलं की अण्णा पायताणं काढत, डबी उघडत आणि तिथून पुढची दिशा घेत. फडकं त्यांनी सोडलं नाही. बायका नवस बोलत होत्या.

दुसरं महायुद्ध संपलं त्या पावसाळ्यात, एका सकाळी अण्णा गेले. छातीत कळ आली आणि संपलं. पुतण्या सदलग्याहून निघाला होता. तो येईपर्यंत अण्णांना खाली घेऊन रीतीप्रमाणे दक्षिणेकडे पाय करून ठेवलं होतं. दार पश्चिमेला, म्हणजे ही भिंत दक्षिणेची, असा शेजाऱ्यांनी हिशेब केला होता.

मी भिंतीला टेकून बसलो. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. कोनाड्यात डबी दिसली, ती घेतली आणि झाकण उघडलं. सुई हलत राहिली, मग थांबली. अण्णा तिरके पडले होते.

मी डबी मुठीत झाकून घेतली. पण बसाप्पा माझ्याकडेच बघत होता.

"सुई काय म्हणती?" त्यानं विचारलं.

"तिरके आहेत."

त्यानं अण्णांच्या दाराकडं पाहिलं. तिथून समोरच्या, आपल्या बापानं बसवलेल्या दाराकडं पाहिलं. मग उठला. "धरा तिकडनं," म्हणाला. "सरळ करूया त्यास्नी."

आम्ही दोघांनी चटई धरून अण्णांना फिरवलं. आता त्यांचे पाय खोलीच्या कोपऱ्याकडं आले आणि येणाऱ्यांना अंग चोरून आत शिरावं लागू लागलं. एक म्हातारी पुटपुटली, हे काय वाकडंच ठेवलंय. अंग सुईच्या रेषेत आलं की नाही, एवढंच मी बघत होतो.

बसाप्पा माझ्याशेजारी येऊन बसला. हात पुढं केला.

"मास्तर, हे कसं बघत्यात? दावा की मला."

डबी त्याच्या तळहातावर ठेवली. मागावर धोटा फेकून फेकून त्या हाताला घट्टे पडले होते. सुई थांबेना.

"कुठलं टोक बघायचं?"

"विचारायचं नाही," मी म्हणालो. "बघायचं."

बसाप्पानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. बाहेर कुणीतरी हाक दिली, सदलग्याची माणसं आली. आम्ही दोघंही उठलो नाही. सुई अजून थांबायची होती.