गाडीला काय पडतंय?

आमच्या घरात पाहुणा आला की पाणी दिल्यावर पहिला प्रश्न विचारला जायचा तो प्रकृतीचा नसायचा. पाहुणा स्वतःची गाडी घेऊन आलेला असेल तर सासरे विचारायचे, "काय पडतंय गाडीला?" म्हणजे एका लिटरात किती किलोमीटर. उत्तर ऐकून ते मान हलवायचे आणि मग आमच्या पिकअपचं सांगायचे. तेरा. भरल्या गाडीला तेरा. हे सांगताना त्यांचा चेहरा नातवाचा पहिला नंबर आल्यासारखा व्हायचा.

सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. उदगीरला त्यांचं आडत दुकान होतं, तूर, हरभरा, सोयाबीनचं. पिकअप त्यांनी दुकान नवऱ्याच्या हाती दिल्यावर घेतली. दुकान मुलाचं, गाडी आपली, अशी त्यांनी मनातल्या मनात वाटणी करून टाकली होती. सकाळी आंघोळ, पूजा, कपाळावर विभूती, आणि मग गाडीची काच पुसणं. काच पुसायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. उदगीरलाही नळाची वाट पाहून लोक थकले होते. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल नव्हता, दुकानात नवरा माशा मारत बसायचा. चाकूरकडच्या रस्त्याला आमचं थोडं शेत आहे, तिथल्या बोअरला पाणी टिकून होतं. आप्पांनी एक दिवस पिकअपवर काळी टाकी बसवून घेतली आणि गल्लीत सांगून टाकलं, की रोज दोन खेपा येतील, ज्यानं त्यानं घागरी तयार ठेवाव्यात. पैशाचं नाव काढायचं नाही. सकाळची खेप आप्पांची, दुपारची नवऱ्याची.

गल्लीतल्या बायका मला दारातच दुवा द्यायच्या, जणू मीच विहीर खणली होती. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

पण महिना सरला न सरला तोच जेवताना आप्पा म्हणाले, "गाडीचं ॲव्हरेज पडलं."

"किती?" नवऱ्यानं विचारलं.

"अकरा. आन् तुझा पाय लई जड हाय."

नवऱ्यानं भाकरी मोडता मोडता उत्तर दिलं, "माझा पाय जड न्हाई. तुमी चढाला चौथ्यातच ओढून राहिलात, गाडी कण्हतीय तरी गिअर पाडत न्हाई. इंजिन त्यानं खातंय."

झालं. त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. नवरा वेगानं हाकतो हे खरं होतं. आप्पा इतके हळू जायचे की सायकलवाला त्यांना रामराम करून पुढं जायचा, हेही खरं होतं. दोघंही एकमेकांशी बोलेनासे झाले. म्हणजे बोलायचे, पण माझ्यामार्फत. "त्याला सांग, क्लचवर पाय ठेवून बसू नको म्हणावं." "आप्पांना विचार, हवा कुणी तपासली होती का." मी स्वयंपाकघरातून बैठकीत आणि बैठकीतून ओसरीवर निरोप पोचवत होते, आणि दोघंही एकमेकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानंच बोलत होते.

अकराचं दहा झालं. मग गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यानं इंजिनात डिझेल सोडणारे नोझल काढले, साफ केले, परत बसवले आणि आता बघा म्हणाला. आम्ही बघितलं. दहाचं साडेनऊ झालं.

शेवटी सासूबाई वैतागल्या. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. भांडणात सहसा पडत नाहीत, पण त्या दिवशी ताटं उचलता उचलता म्हणाल्या, "तुमी बी नका चालवू, त्यो बी नको. हिला चालवू द्या. मंग कळंल कुणाचा पाय हाय ते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझं माहेर भोकरचं. वडिलांची जीप होती, सवारी भरून खेड्यांना न्यायची, आणि त्या जीपवर मी कॉलेजात असतानाच गाडी शिकले होते. लायसनही होतं. लग्नानंतर ते कपाटात साड्यांखाली पडून होतं, त्याचा विषय कधी निघालाच नव्हता. मी काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "चालवतीस?"

"हाव," मी म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना शेजारी बसवून मी निघाले. आधी पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली, आणि आल्यावर त्याच पंपावर परत काठोकाठ भरायची असं ठरवलं. नाहीतर आज इथं, उद्या तिथं, कधी अर्धवट, असं भरून आकडा कसा खरा निघणार? आप्पांना ते पटलं. पहिल्या वळणावर त्यांनी डॅशबोर्ड घट्ट धरला, तिसऱ्या वळणावर सोडला. नंतर तर ते रस्त्यावरच्या लोकांना हात करायला लागले. कुणी टकामका बघितलं की म्हणायचे, "सून हाय." जणू समोरच्यानं विचारलंच होतं.

शेतात पोचलो. बोअर चालू केला, पाइप टाकीत सोडला. मी किल्ली फिरवून इंजिन बंद करणार, तर आप्पांनी माझा हात धरला.

"बंद नको करू. चालूच राहू दे."

"का?"

"सेल्फ दगा देतंय. हितं बंद पडली तर ढकलायला कोण हाय?"

मी किल्ली तशीच सोडली. टाकीजवळ बसून धारेकडं बघत राहिले. पाइपातून मनगटाएवढी धार यायची असं मला आठवत होतं. आता करंगळीएवढी येत होती. मध्येच थांबायची, खोकायची, परत यायची. आप्पा कडुनिंबाखाली जाऊन बसले, एका शेजाऱ्याशी गप्पा झाल्या, शेजारी गेला, त्यांची एक डुलकी झाली, तरी टाकी भरली नव्हती. आणि इतका वेळ इंजिन घुरघुरत उभं होतं.

"आप्पा," मी विचारलं, "आधी किती वेळ लागायचा भरायला?"

"आधी? च्या पिऊन होईस्तोर भरायची."

मला तिथंच उलगडलं. बोअरची धार बारीक होत गेली तशी गाडी जास्त जास्त वेळ उभी राहत गेली. उभी गाडी रस्ता कापत नाही, पण डिझेल पीतच राहते. अंतर तेवढंच, डिझेल जास्त, म्हणजे आकडा खालीच येणार. आम्ही गाडीचं दुखणं शोधत होतो, आणि जमिनीखालचं पाणी आटत चाललंय हे गाडी आम्हाला महिनाभर सांगत होती.

मी आप्पांना ते समजावून सांगितलं. त्यांनी उठून त्या धारेखाली हात धरला. मला वाटलं, रागावतील. पण ते म्हणाले, "मंग किती दिवस पुरंल हे पाणी?" डिझेलचं त्यांनी काहीच विचारलं नाही.

येताना त्याच पंपावर टाकी भरली, तर माझ्या पायालाही आकडा खालीच निघाला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो इतका खूश झाला, की मला शंका आली. एवढं खूश व्हायचं कारण काय? दुपारी त्याच्या खेपेला मीच चालवायला बसले. त्यानं वाटेत तीनदा सांगितलं, की आज चाकूरकडं जायचं कारण नाही, अलीकडूनच वळू. पण सेल्फ बॅटरीमुळं दगा देतंय का, हे मला चाकूरच्या बॅटरीवाल्याला विचारायचं होतं. गाडी दुकानापुढं उभी केली. शेजारच्या हॉटेलवाल्यानं चहा आणून दिला आणि नवऱ्याला म्हणाला, "परवाचं भाषण लई भारी झालं बरं का. भोंगा मात्र डाव्या अंगाचा बसला होता."

"कसलं भाषण?" मी विचारलं.

नवरा चहाच्या कपात बघायला लागला. हॉटेलवाला बिचारा उत्साहानं सांगू लागला. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून गावोगाव फेऱ्या निघत होत्या. पुढं पिकअप, तिच्यावर भोंगे, माइक धरून वक्ता, मागं माणसं चालत. आणि ती पिकअप आमची.

परत येताना मी विचारलं, "किती वेळा?"

"आठवड्याला एकदा. कधी दोनदा." मग म्हणाला, "आप्पांना सांगू नको. त्यांना हे जिल्ह्याचं न्हाई पटत."

माणसांच्या चालीनं, पहिल्या गिअरात, गावभर. मग साडेनऊ नाही पडणार तर काय पडणार!

मी सांगितलं नाही. संध्याकाळी त्यानं स्वतःच सांगितलं, आणि ते बरं झालं. अव्वांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. आप्पा म्हणाले, "लातूर जिल्हा झाला तवा मी गुलाल खेळलो होतो. उस्मानाबादला एका कागदासाठी दोन दिवस मोडायचे, ते वाचले म्हणून. मला काय जिल्ह्याचं वावडं न्हाई. पण आधी पाणी आणा म्हणतो मी. कलेक्टर आला तरी त्याला आंघोळीला काय देणार?"

नवरा म्हणाला, "जिल्हा झाला की पाणी बी येईल, आप्पा. म्हणून तर करून राहिलो."

दोघं इतक्या दिवसांनी समोरासमोर बोलत होते, माझ्यामार्फत नाही. मी हळूच उठून चहा ठेवायला गेले. आतून ऐकू येत होतं. आवाज चढत होते, उतरत होते, पण बोलणं थांबत नव्हतं. शेवटी आप्पांचं ऐकू आलं, "गाडी ने. पण भाषण लांबलं तर इंजिन बंद करत जा. वक्त्याला डिझेल लागत न्हाई."

नवी बॅटरी बसली. शेतात गाडी बंद ठेवायला लागलो. जिल्ह्याच्या फेऱ्या कमी झाल्या, कारण उन्हानं माणसंच येईनात. आकडा साडेअकरावर आला आणि तिथंच अडकला. आता दोघंही भांडायचे नाहीत, पण दोघंही माझ्याकडं बघायचे. चालवत मी होते ना!

मग मला माहेरची आठवण झाली. वडील उन्हाळ्यात आठवड्याला जीपचा एअर फिल्टर काढून झटकायचे. त्या वर्षी आमच्या शेतरस्त्याला गुडघाभर फुफाटा होता. टँकर पुढं गेला की मागचं काही दिसायचं नाही. चढाला गाडी काळा धूर सोडत होती, ओढतही नव्हती. मी फिल्टरचा डबा उघडला. आतला कागद मातीनं असा भरला होता, की त्यात हरभरा पेरता आला असता. इंजिनाला श्वासच घेता येत नव्हता. नवा फिल्टर टाकला, चाकांची हवाही भरून घेतली. तीही उतरलेलीच होती. पुढच्या भरणीला साडेबारा पडले.

"तेरा न्हाईत," आप्पा म्हणाले.

"टाकीत पाणी हाय आप्पा, कापूस न्हाई," मी म्हणाले. अव्वा पदर तोंडाला लावून हसल्या.

त्या पावसाळ्यात पाऊस उशिरा आला, पण आला. बोअर त्याच्या आधीच पंधरवडाभर कोरडा पडला होता. तेवढे दिवस आम्ही दुसऱ्याच्या विहिरीवरून खेपा केल्या. आप्पांनी गल्लीला दिलेला शब्द मोडू दिला नाही. जिल्हा काही झाला नाही. अजून मागणी होते, अजून पोस्टर लागतात.

सुगीला मी तुरीची पोती घेऊन आप्पांबरोबर नांदेडला गेले. जाताना चौदाच्या वर पडले. आप्पा इतके हरखले, की पंपावरच्या माणसालाही त्यांनी सांगितलं. परत येताना किराणा भरून आणला, वजन पोत्यांपेक्षा कमीच, तरी अकरा. आप्पा हळूच माझ्या पायाकडं बघायला लागले.

"पायाकडं बघू नका," मी म्हणाले. "नांदेड खाली हाय, आपलं उदगीर वर. जाताना उतार मिळाला, येताना चढ. दोन्ही मिळून धरा."

त्यांनी मनात हिशेब केला, ओठ हलताना दिसले. मग खिडकीची काच खाली घेतली आणि म्हणाले, "बरोबर हाय. जरा तिसऱ्यात घे, कण्हतीय गाडी."

मी गिअर पाडला.