भाऊजींसमोर ब्रेक

आमच्या गाडीचा ब्रेक मऊ होता आणि माझी धाकटी बहीण सुभद्रा तोंडाची कडक होती.

दिंद्रुडला तिच्या नव्या घराची वास्तुशांती होती. फोनवर म्हणाली, "आक्का, भाड्याच्या जीपनं ये हां. तुमच्या गाडीचा काय भरवसा?" झालं! मी सांगून टाकलं, "गाडी तुज्या दारातच आणून लावते."

गाडी माझ्या लेकानं, दत्तानं, जुनी घेतलेली (रंग नवा!). ब्रेक दाबला की पाय कणकेच्या गोळ्यात रुतल्यासारखा खाली जायचा.

"आई, ब्रेकच्या पायपात हवा शिरली. मी चाकापाशी नट सैल करून काढतो. तू ब्रेक दाबून धर. मी सांगेस्तोवर पाय उचलायचा न्हाई."

"आरं, लाथाळ म्हशी धरल्यात मी!"

बसले. दाबला, धरला. तेलातून बुडबुडे आले. तेवढ्यात माझे थोरले दीर अंगणात आले. लग्न झाल्यापासून मी भाऊजींसमोर कधी बसलेले नाही. चटकन उठून गाडीबाहेर उभी राहिले, पदर घेतला. ब्रेकवरचा पायही माझ्याबरोबर उठला!

"आई! हवा परत आत गेली की!"

"मंग? भाऊजींपुढं बसून ऱ्हाऊ व्हय?"

भाऊजींना गोठ्यामागं उभं केलं. पुन्हा दाबला, धरला. तिकडून भाऊजी खोकले. (त्यांचा खोकला ऐकला की घरातल्या सुनांनी उठायचं, ही आमची रीत.) मी उठले. हवा आत!

दत्तानं कपाळावर हात मारला. हात तेलाचा होता. "काका, तुमीच बसा!" भाऊजी बसले आणि न विचारताच धडाधड ब्रेक दाबत सुटले. दत्ताच्या सदऱ्यावर तेलाची चिळकांडी! "काका, उतरा खाली!"

शेवटी तोड मीच काढली. पदर हनुवटीपर्यंत ओढला, म्हणजे भाऊजी दिसायला नकोत. "दत्ता, काकांना सांग, खोकायचं न्हाई." भाऊजी बिचारे तोंडात रुमाल कोंबून उभे राहिले!

दाबला, धरला, दत्तानं सांगितल्यावरच सोडला. असं करत करत बुडबुडे संपले. पायाखाली ब्रेक खडकासारखा! दत्तानं गल्लीत चारदा लावून पाहिला. गाडी दर वेळी जागच्या जागी थांबली. भाऊजींनी रुमाल काढला. "दत्ता, तुज्या आईला सांग, लई भारी काम केलं." माझ्याशी थेट बोलत नाहीत, पण मला ऐकू आलं. आमच्या घरात अशी शाबासकी मिळालेली सून मी एकटीच!

दिंद्रुडला सुभद्राच्या दारात माणसं जमलेली. भाऊजी पुढं, मी मागच्या सीटवर (त्यांची पाठ माझ्याकडं, म्हणून बसायला हरकत नाही). "दत्ता, लाव ब्रेक. बघू दे समद्यांना!" तो ब्रेक लावतोय तोच भाऊजींनी मागं वळून विचारलं, "आलं का घर?"

मी उठले. गाडी जागच्या जागी थांबली. मी मात्र टपाला धडकून थांबले.

सुभद्रा धावत आली. "आगं बाई आक्का, कपाळाला काय गं हे?"

"आमच्या गाडीचा ब्रेक हाय," मी टेंगूळ पुढं केलं. "हात लावून बघ. जरा तरी मऊ लागतोय का?"