मी बसवलेले ढापे

नीरा नदीवर आमच्या निरवांगीच्या अंगाला जो बंधारा आहे, त्याचे ढापे एका वर्षी मी माझ्या हातानं बसवले. ढापे म्हणजे बंधाऱ्याच्या मोऱ्यांत सरकवायच्या लोखंडी फळ्या. पावसाळ्यात त्या काढून ठेवतात आणि पाऊस सरला की बसवतात, म्हणजे पाणी अडतं आणि उन्हाळ्यापर्यंत उसाला पुरतं. काम पाटबंधारे खात्याचं. पण त्या वर्षी खात्याची माणसं आज येतो, उद्या येतो करत राहिली, नदी डोळ्यांदेखत वाहून चालली आणि माझं डोकं फिरलं. वस्तीवरचे दहा-बारा जण गोळा केले आणि खात्याच्या नावानं बोंब मारत ट्रॅक्टर बंधाऱ्यावर नेला.

दोन दिवस आम्ही कमरेएवढ्या पाण्यात होतो. खात्यानं बसवलेले ढापे नेहमी गळतात. मी फटीफटीत खताच्या रिकाम्या गोण्या कोंबल्या, वर काळी माती थापली. थेंब खाली जाऊ दिला नाही. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि मीही लेकाचा छाती काढून हिंडलो.

आबा, म्हणजे माझे वडील, काठावर बसून हे बघत होते. आमचं मूळ घर मेंढरांचं. आबांनी तरुणपणी कळप घेऊन पायी कोकण गाठलेलं. माझ्या हातात कारभार आला, ऊस आला आणि कळप गेला. अकरा मेंढरं तेवढी त्यांनी हट्टानं ठेवली. त्यांचा सगळा दिवस त्या अकरांच्या मागं जायचा. ती नसती, तर म्हाताऱ्यानं सकाळी उठायचं कशासाठी, हे मलाही सांगता आलं नसतं.

त्यांचा एक नेम होता. मेंढरं पाण्यावर नेली, की आधी स्वतः ओंजळभर प्यायचं आणि मग त्यांना सोडायचं. परमुलखात कुठल्या ओढ्याला काय असेल याचा भरवसा नसे, म्हणून पाजणाऱ्यानं आधी प्यायचं, असं त्यांच्या वडलांनी घालून दिलेलं. घरच्या नदीवरही आबांनी ते सोडलं नाही. दिवाळीच्या तोंडावर लोकर कातरायच्या आधी ते मेंढरं नदीत धुवायचे, तेव्हाही पहिली ओंजळ त्यांची. मला त्याचं हसू यायचं.

ढापे बसून आठवडा झाला नसेल, पाण्याला चहाचा रंग आला. वरच्या अंगाला कारखाने आहेत, गावोगावची गटारं आहेत. नदी वाहती असली की कोण काय सोडतंय ते कळत नाही, सगळं पुढं निघून जातं. आता पुढं जायला वाट नव्हती. ती मीच बुजवली होती. वरची सगळी घाण आमच्या दारात येऊन मुक्कामाला बसली. चहाचा काढा झाला, मासे पालथे पडले, विहिरीचं पाणीसुद्धा पिवळं पडलं. वासानं घास घशाखाली उतरेना.

आबा म्हणाले, "दोन ढापं काढ. घान जाऊ दे खाली, मग बसीव परत."

"आबा, गेलेलं पानी परत येनार हाय का? ऊस कशावर जगवू, तुमच्या लेंड्यांवर?"

"आरं, व्हात हुती तवर नदी हुती. तू तिचं डबकं केलंस."

"डबकं तर डबकं. मोटर डबक्यातनं बी चालती."

असं मी माझ्या बापाला बोललो. आठवलं की स्वतःच्याच थोबाडात मारून घ्यावंसं वाटतं.

तक्रार केली. पाटबंधारेवाले उलट माझ्यावरच खेकसले, "तुम्हाला ढापे टाकायला सांगितलं कुणी?" प्रदूषणवाले नाकाला रुमाल लावून आले, बाटलीत पाणी भरलं, वर चिठ्ठी डकवली आणि गेले. त्या बाटलीचं पुढं काय झालं, देवाला ठाऊक.

कातरणीचा दिवस आला. आबा मेंढरं घेऊन काठावर आले, पण पुढं सरकेनात. मी वैतागून म्हणालो, "सोडा की आता. जनावरांना काय हुतंय?" आबा पाण्यात उतरले, ओंजळ भरली, तोंडापर्यंत नेली आणि तिथंच थांबले. मग ती भरली ओंजळ घेऊन चढ चढून माझ्यापुढं आले.

"तू पाजतुयास न्हवं? मग आधी तू पी."

चारचौघं बघत होते. मी मान फिरवली. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं, तरी हात तसेच पुढं होते. मग त्यांनी ते धोतराला पुसले आणि मेंढरं माघारी वळवली.

पुढच्या बाजाराला त्यांनी अकराच्या अकरा भिगवणला नेऊन विकली. मी बरोबर होतो. भावाची घासाघीस त्यांनी केलीच नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला एकच विचारत होते, "तुमच्याकडं पानी कसलं हाय?"

त्याच दिवशी घरी येऊन मी ढापे उचलले असते, तर आज बोलायला तोंड राहिलं असतं. नाही उचलले. उसाची नवी लागण डोळ्यांसमोर होती. ऊस जोरात आला, आणि वरच्याच एका कारखान्याला गेला. त्यानंतर दरवर्षी ढापे बसतात, दरवर्षी पाणी नासतं, आणि दरवर्षी फटी बुजवायला लोक मलाच बोलावतात. मी जातो.

आता आमच्याकडं प्यायला विकतचा जार येतो. सकाळी मी तांब्या भरून आबांपुढं ठेवतो. ते हात लावत नाहीत, नुसते माझ्याकडं बघत बसतात. मी उभ्याउभ्या दोन घोट घेतो, ते घशाखाली उतरलेले बघतात, आणि मगच तांब्या उचलतात.