डबे पालथे घालणारे भाऊजी

जमिनीचा श्वास मोजण्यासाठी स्वतःचा श्वास रोखून धरणारा माणूस अख्ख्या एडिनबरात एकच होता, आणि तो माझ्या मैत्रिणीचा, सुमनचा नवरा होता. ऐंशीच्या दशकात आमच्या तिथल्या मराठी मंडळींतले बहुतेक जण डॉक्टर, हॉस्पिटलात माणसं तपासायचे. भाऊजी मात्र युनिव्हर्सिटीतर्फे दर वसंतात उत्तर ध्रुववृत्तापलीकडे जाऊन दलदल तपासायचे. चिखलावर पारदर्शक डबे पालथे घालायचे, आत साठलेली हवा सिरिंजनं ओढून घ्यायची आणि जमिनीतून मिथेन किती सुटला ते मोजायचं. हिवाळाभर बर्फाखाली कोंडलेला वायू बर्फ वितळताना एकदम सुटतो, म्हणून ते दिवस त्यांना सणासारखे. घरीही तोच नाद. आमच्याकडे जेवायला आले की आधी एअरिंग कपबोर्डमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात, आंबायला ठेवलेलं इडलीचं पीठ बघायचे. "वहिनी, काय सुंदर बुडबुडे आहेत!" इडलीचं कौतुक मात्र कधी केलं नाही. पिकनिकला नेलं तरी गाडी नेमकी दलदलीपाशीच थांबायची. एकदा आम्हा सगळ्यांना त्यांनी डब्यापासून लांब पिटाळलं, "तुमच्या श्वासानं सॅम्पल बिघडेल."

"मग सँडविचेस खायची कुठे?" सुमननं विचारलं.

"खा ना इथेच. फक्त बोलू नका."

सुमन म्हणायची, "सवत परवडली असती गं. निदान तिला पाय पुसून घरात घेता आलं असतं."

नव्वदनंतरच्या एका मे महिन्यात, भाऊजी तिकडे असताना, सुमनचं अचानक मोठं ऑपरेशन करावं लागलं. निरोप मिळताच ते हातातलं काम टाकून निघाले आणि चिखलाच्या बुटांनिशी वॉर्डात हजर झाले. शुद्धीवर आल्यावर सुमननं आधी ते बूट पाहिले.

"मी बरी आहे. तुम्ही जा परत. बर्फ वितळत असेल."

"दरवर्षी वितळतो," असं म्हणून त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. ती बागेत हिंडूफिरू लागेपर्यंत ते हलले नाहीत.

त्या वसंतातली मोजणी राहूनच गेली. मागच्यापुढच्या वर्षांवरून ती रिकामी जागा अंदाजानं भरून काढा, असं सहकाऱ्यांनी सुचवलं. भाऊजी म्हणाले, "जे पाहिलं नाही, ते कसं सांगू?"

पुढे निवृत्तीच्या वेळी त्यांच्या निरोपसमारंभात पडद्यावरच्या मिथेनच्या आलेखाची रेघ एका वसंतात तुटलेली दिसली. यंत्र बिघडलं होतं का, असं कुणीतरी विचारलं.

"नाही. मी घरी होतो."

हॉल हसला. सुमननं अंधारात माझा हात घट्ट धरला.

परतताना गाडीत भाऊजी हळूच म्हणाले, "त्या वर्षी बर्फाखालून काय सुटलं, ते आता कुणालाच कळणार नाही."

"काही नाही हो," सुमन म्हणाली, "थोडी हवा."

भाऊजींनी खिडकीची काच जराशी खाली केली.

"असेल," ते म्हणाले.