मी गणेशवेलीवर घेतलेला आळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. सांगायला तोंड उघडलं की मी दुसरंच काहीतरी बोलते — जुनी सवय. म्हणून लिहितेय.

गोष्ट एका वेलीची आहे असं म्हटलं तर तुम्हाला वाटेल, एवढंच? एवढंच असतं तर बरं झालं असतं.

अमरावतीत आमच्या घराला लागून नलूकाकूंचं घर. मधे कमरेएवढी भिंत. काकूंनी माहेराहून, अंजनगावहून, औषधाच्या रिकाम्या बाटलीत गणेशवेलीचं बी आणलं होतं. पिसासारखी बारीक पानं, लाल चांदण्यांसारखी फुलं. ही वेल एकदा लावली की पुन्हा लावावी लागत नाही. बी सांडतं आणि पावसाळा लागला की आपली आपण उगवते — कुंडीत, फरशीच्या फटीत, भिंतीच्या अलीकडे आमच्याकडेही. माझ्या खिडकीच्या जाळीवर ती पार वरपर्यंत चढायची, आणि रोज सकाळी देवासाठी फुलं तोडायला काकू त्या खिडकीशी यायच्या.

मला ते नको असायचं. मी आत पुस्तक घेऊन बसलेली, आणि बाहेरून — "काहून व, अजून आंगोळ नाई केली?" मी पुस्तक तोंडासमोर धरायचे. एकदा हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, "इंग्रजी शाळेत टाकलं अन् पोरीले मुकीच करून ठेवलं बाप्पा!" सगळ्या हसल्या. आईसुद्धा. त्यानंतर काकूंनी ताटातला सगळ्यात मोठा तिळाचा लाडू माझ्या हातावर ठेवला होता — तेवढं मात्र मी लक्षात ठेवलं नाही. हसणं ठेवलं.

काकूंचा मुलगा अकोल्याला नोकरीला. मी अकरावीत होते त्या दिवाळीत तो, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची स्वरा आले होते. तिसऱ्या दिवशी स्वराला दम लागला. डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले, कशाची तरी अ‍ॅलर्जी दिसते, लक्ष ठेवा. वहिनी घाबरून गेली होती. काकूंनी भिंतीवरून मला हाक मारली. "तू पाह्य न व मोबाईलवर. तुले इंग्रजी समजते."

मी पाहिलं. त्यात धूळ होती, धूर होता, कापसाचे तंतू होते. आणि त्याच आठवड्यात काकूंच्या अंगणात जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजून घेतला होता. स्वरा त्या ढिगात उड्या मारत होती — मी स्वतः पाहिलं होतं. वेलीबद्दल एक ओळही नव्हती.

मी म्हणाले, "या वेलीमुळे होतं. हिचे परागकण लहान मुलांना चालत नाहीत."

का म्हणाले? काकू खिडकीशी यायच्या बंद व्हाव्यात म्हणून? त्या हसण्यासाठी? की काकू, त्यांचा मुलगा, वहिनी, तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते आणि पहिल्यांदाच माझं वाक्य कुणी मधे तोडलं नव्हतं, म्हणून? कुणीही मोबाईल बघायला मागितला नाही.

त्याच दुपारी काकूंनी वेल उपटली. "माह्याच हातानं लावली न मी," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. अकोल्याला गेल्यावर स्वरा बरी झाली. मग तर माझं म्हणणं खरंच ठरलं.

पण बी आधीच सांडलेलं होतं. पुढच्या पावसाळ्यात कोंब आले. वहिनी फोनवर विचारायची, वेल गेली का सगळी? काकूंना 'हो' म्हणता आलं असतं. अकोल्याहून कोण बघायला येणार होतं? पण त्या सांगायच्या, "अजून दोन-चार निघून राहिल्या." आणि स्वरा यायची नाही. अशा तीन दिवाळ्या गेल्या. दोन-अडीच तासांचा रस्ता. काकूच कधीतरी जायच्या, नातीला बघून संध्याकाळच्या गाडीने परत यायच्या.

इकडे कॉलनीत माझं नाव झालं. बायका हातात पानं घेऊन विचारायला येऊ लागल्या — "पाह्य व, हे घरात चालते का?" आई कौतुकाने सगळ्यांना सांगायची. आणि — हे लिहायला सगळ्यात जड जातंय — मला ते आवडायचं.

या वर्षी काकूंचे गुडघे फार दुखत होते. तरी पालथ्या बादलीवर बसून, बादली पुढे सरकवत, त्यांनी महिनाभर कोंब वेचले. त्यांच्याकडचे, मग आमच्याकडचे. एके दिवशी मला म्हणाल्या, "तुह्ये डोये चांगले. एकडाव तू पाह्यून घे." मी कोपरान् कोपरा पाहिला. एकही कोंब नव्हता.

काकूंनी तिथूनच वहिनीला फोन लावला, स्पीकरवर. "सगळी साफ झाली व. पोरीनं सोता पाह्यलं." पलीकडून वहिनीने मला विचारलं, "तू सांग, आणू का स्वराले दिवाळीले?"

'हो' एवढंच म्हणायचं होतं. खरं काय ते सांगायचीही गरज नव्हती. पण स्वरा आली आणि वेल नसताना तिला दम लागला तर? मग सगळे कुणाकडे बघतील?

मी म्हणाले, "बी जमिनीत वर्षानुवर्षं राहतं, वहिनी. सांगता येत नाही."

वाक्य खरं होतं. चार वर्षांत त्या वेलीबद्दल मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

काकूंनी फोन बंद केला. मग फोन पदराने पुसत म्हणाल्या, "बरं झालं व, तुले इचारलं. नाईतर लेकराले तरास झाला असता." आणि बादली ओढून पुन्हा खाली बसल्या, बोटांनी माती उकरू लागल्या. तिथे काहीच नव्हतं. मी उभी राहून पाहत होते.

स्वरा आता आठ वर्षांची आहे. या दिवाळीलाही ती आली नाही.