भावाने नेलेली वही

ताई एकवीस वर्षं एका कॉलेजच्या रसायनशाळेत कामाला होती. भांडी धुवायची, द्रावणं करून ठेवायची, मुलांनी सांडलेलं पुसायची. मोजमापाचा हात असा, की प्राध्यापकसुद्धा म्हणायचे, "तराजू बिघडला तर चालेल, ताईंनी रजा घेऊ नये."

घरी तिला एकच वेड होतं. कृष्णधवल फिल्म धुवायचं रसायन स्वयंपाकघरातल्या वस्तूंतून करायचं. चहा झाला, कांद्याची सालं झाली, पालकाचं पाणी झालं. शेवटी ती इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची पूड यांवर स्थिरावली. त्या मिश्रणाला भिजलेल्या कुत्र्यासारखा वास यायचा. नवरा नाक धरून म्हणायचा, "कॉफी माणसांसाठी असते गं, फोटोंना कसली पाजतेस?" पण न्हाणीघर मात्र तो निमूटपणे रिकामं करून द्यायचा.

हे सगळं सुरू झालं ते धाकट्या भावापायी. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ही एकोणीस. तिनेच त्याला वाढवलं. पुढे त्याने फोटो स्टुडिओ काढला. तयार रसायन मिळेनासं झालं तेव्हा तो कुरकुरला, "ताई, आता फिल्मचं काम बंदच करावं लागणार." ती म्हणाली, "थांब, बघते." ते बघणं सात वर्षं चाललं. किती ग्रॅम, पाणी किती गार, किती मिनिटं, सगळं ती एका वहीत लिहायची. शेजारी शेरा: "फिकी." "काळवंडली." "आकाश गेलं, माणूस राहिला."

जमलं तेव्हा भावाने तिला खांदे धरून गदागदा हलवलं. "दोन दिवस दे वही, उतरवून घेतो." तिने दिली. दोन दिवसांचे पाच महिने झाले.

मग एके दिवशी कॉलेजच्या फलकावर तिला एक पत्रक दिसलं. भावाचा फोटो आणि खाली, 'माझ्या सात वर्षांच्या संशोधनातून सिद्ध झालेलं घरगुती सूत्र. एक दिवसाचा वर्ग.' तिने ते दोनदा वाचलं. छपाईची चूक असेल, असंही तिला क्षणभर वाटलं.

वर्गाच्या दिवशी ती न बोलावता स्टुडिओत गेली. तिला दारात बघून भाऊ जरा गडबडला, पण लगेच हसला. "ही माझी ताई. मदतीला आलीये." सगळ्यांनी मान हलवली आणि एकीने तिच्या हातात रिकामा मग दिला.

भावाने आधी स्वतःची फिल्म धुतली. डब्यातून काढली तर जवळजवळ कोरी. "फिल्म जुनी असावी," तो म्हणाला आणि एका म्हाताऱ्या घड्याळजींचा फिल्मचा रोळ उचलला. घड्याळजींनी सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं, की त्यात त्यांच्या बायकोचे शेवटचे फोटो आहेत.

ताईला गप्प बसता आलं असतं. मजा बघता आली असती.

"तो नको घालूस," ती म्हणाली.

"का?"

"सोडा भाजून घेतलास?"

"भाजून?" त्याने विचारलं. खड्यांच्या सोड्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तसाच मोजला तर तो कमी पडतो आणि फिल्म कोरी राहते. कढईत भाजून त्याची कोरडी पूड करायची आणि मग मोजायची. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की वहीत लिहायचंच राहिलं होतं. भाऊ आजवर तिनेच करून दिलेली पूड वापरत आला होता. तिने गॅस पेटवला, सोडा भाजला, नव्याने मिश्रण केलं. पंधरा मिनिटं डबा तिनेच हलवला. रोळ उलगडला तेव्हा खिडकीपाशी बसलेली एक बाई प्रत्येक चौकटीत स्पष्ट दिसत होती. घड्याळजी चष्मा पुसून एकेक चौकट बघत गेले.

"बघितलंत?" भाऊ वर्गाला म्हणाला. "माझी पद्धत ताईलासुद्धा तोंडपाठ आहे."

सगळे हसले. ताई हात धूत होती. धुऊन झाले तरी ती नळ बंद करेना.

सगळे गेल्यावर तिने विचारलं, "माझं नाव का नाही घातलंस?"

"ताई, चिडू नकोस. पण तू बाटल्या धुतेस. तुझ्या नावावर कोण आलं असतं?" तो हे अगदी समजुतीने बोलला. तेच तिला जास्त लागलं.

तिने वही मागून घेतली. पहिल्या पानावर त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि तिच्या 'आकाश गेलं, माणूस राहिला' या शेऱ्याखाली लाल रेघ मारून 'पुस्तकात घ्यावं' असं लिहिलं होतं. घरी येऊन तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "मी त्याला वाढवलं, पण मी कोण ते त्याला कधी कळलंच नाही रे."  नवऱ्याने तिच्याजवळ खुर्ची ओढली आणि बसला.

महिन्याभराने भावाचा फोन आला. पुढचा वर्ग होता. "ताई, एकाच मिश्रणात किती रोळ धुवायचे गं?"

तो पहिलीत होता तेव्हापासून त्याचा एकही प्रश्न तिने परतवला नव्हता. उत्तर आताही ओठांवर आलं होतं.

"तुझंच सूत्र आहे ना? तूच बघ करून," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.